खोकला नाही, मग टीबी कुठून आला?

डोळ्यांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका आजोबांना उत्तर देताना ओघात मी एक वाक्य लिहून गेले : एकच डोळा वर्षातून तीनदा लाल होत असेल तर ‘डोळे आले’ म्हणून सोडून देऊ नका, त्यामागे टीबीसुद्धा असू शकतो. त्या एका वाक्यावर महिनाभर पत्रं येत राहिली. तासगाव, विटा, आष्टा, कुपवाड, जत. काही पाकिटांत रिपोर्टच्या झेरॉक्स घडी घालून ठेवलेल्या होत्या. म्हणून या वेळी चष्म्याचे आणि मोतीबिंदूचे प्रश्न बाजूला ठेवलेत, ही सगळी जागा डोळ्याच्या टीबीला दिली आहे. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या यजमानांचं वय ३८, वजन ५८ किलो. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. पावसाळ्यापासून त्यांचा उजवा डोळा चार वेळा लाल झाला. दर वेळी मेडिकलमधून थेंब आणले, दोन दिवसांत लाली गेली. दिवाळीनंतर मात्र धुकं पडल्यागत दिसायला लागलं. सांगलीच्या डॉक्टरांनी टीबीचा कोर्स घ्यायला सांगितलंय, सहा ते नऊ महिने. पण त्यांना खोकला नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. टीबीसाठी हातावर टोचून करतात ती मांटू तपासणी १८ आली. डोळ्यातून पाणी काढून तपासलं, त्यात जंतू सापडला नाही. घरचे म्हणतात, जंतूच नाही तर एवढी जालीम औषधं कशाला? रिपोर्ट सोबत जोडलेत. घरात तीन वर्षांची मुलगी आहे, तिला लागण होईल का?

उत्तर : ताई, घरचे विचारतात ते अगदी रास्त आहे. दोन ओळींत तुमची बोळवण करणार नाही.

आधी टीबी डोळ्यात पोचतो कसा, ते. जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतो. पुष्कळांना हे कधी कळतही नाही, शरीर त्याला तिथेच कोंडून टाकतं. पण कोंडला जाण्याआधी तो रक्तातून थोडा फिरून आलेला असू शकतो. डोळ्याच्या आत, पांढरा भाग आणि पडदा यांच्या मध्ये, रक्तवाहिन्यांचं एक दाट अस्तर असतं. अख्ख्या शरीरात इतका रक्तपुरवठा असलेल्या जागा थोड्याच. रक्ताबरोबर आलेला जंतू तिथे मुक्काम ठोकतो आणि वर्षानुवर्षं गप पडून राहतो. पुढे कधीतरी तो जागा होतो. किंवा तो स्वतः फारसा वाढतही नाही, पण शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा त्याच्यावर चवताळून उठते आणि त्या झटापटीत डोळा आतून सुजतो. म्हणून डोळ्याचा टीबी असलेल्या बहुतेकांना खोकला नसतो. एक्स-रे स्वच्छ आला यात नवल काहीच नाही.

आता ‘जंतू सापडला नाही’ याबद्दल. बुबुळाच्या पुढच्या कप्प्यात सगळं मिळून पाव मिलिलिटर पाणी असतं. त्यातलं ०.१ मिलिलिटर बारीक सुईनं काढून पीसीआरला, म्हणजे जंतूचा अंश शोधणाऱ्या तपासणीला, पाठवतात. फुप्फुसाच्या टीबीत माणूस डबीभर बेडका देऊ शकतो, डोळा देतो तो एवढासा थेंब. मुळात जंतू मोजके, त्यातून ते पाण्यात कमी आणि अस्तरात जास्त. त्या अस्तराचा तुकडा काढून तपासावा तर नजरेलाच धोका. त्यामुळे जंतू सापडला तर प्रश्न मिटला, पण सापडला नाही म्हणून टीबी नाही असं होत नाही.

माझं माहेर शिराळ्याकडचं. उसाच्या फडात बिबट्या शिरला की तो कुणाला दिसत नाही. सरीत उमटलेला ठसा दिसतो, वस्तीवरचं कुत्रं नाहीसं झालेलं असतं, रात्री गुरं दावणीला थरथरतात. एकट्या ठशावरून कुणी ओरड करत नाही. पण हे सगळं एका रात्रीत जुळून आलं की माणसं फडात पाऊल टाकत नाहीत. डोळ्याचा टीबी आम्ही असाच ओळखतो.

पहिला ठसा डोळ्यातच असतो. तुमच्या डॉक्टरांनी केसपेपरवर बॉलपेननं डोळ्याचं चित्र काढलंय, ते मी नीट पाहिलं. बुबुळाच्या काचेच्या आतल्या बाजूला त्यांनी मोठे मोठे ठिपके काढलेत. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या आमच्या यंत्राखाली, हे कसे दिसतात ते सांगते. मटणाचा रस्सा पातेल्यात गार झाला की वर चरबीचे गोल, पांढुरके, तुकतुकीत थेंब गोठतात ना, हुबेहूब तसे. आमच्या पुस्तकांतही त्यांना मटणाच्या चरबीवरूनच नाव दिलेलं आहे. साध्या सुजेत ठिपके धुळीसारखे बारीक असतात. चरबीसारखे मोठे थेंब दिसले की आम्ही टीबी, सार्कॉइड (टीबीसारख्याच गाठी करणारा, पण न लागणारा आजार) अशा मोजक्या आजारांकडे वळतो. त्याच चित्रात बाहुली गोल नाही, खालच्या बाजूला दोन ठिकाणी रुंद चिकटलेली दाखवली आहे. अशी रुंद चिकट टीबीत बऱ्याचदा दिसते.

दुसरा ठसा मांटूचा. हातावर ०.१ मिलिलिटर औषध कातडीच्या आत टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी मोजतात. मोजायची ती लाली नव्हे, बोटाला लागणारा टणक फुगवटा. तो १० मिलिमीटर किंवा जास्त असेल तर आपल्याकडे पॉझिटिव्ह म्हणतात, तुमच्या यजमानांचा १८ आहे. पण इथे तुमच्या घरच्यांच्या बाजूनंही बोलायला हवं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात टीबीचा शिरकाव झालेला आढळला. एवढ्या सगळ्यांना आजार थोडाच आहे? लहानपणीच्या बीसीजीमुळेही मांटू थोडीफार वर जाऊ शकते. रक्ताची इग्रा तपासणी बीसीजीनं फसत नाही. पण जंतू नुसता झोपलेला आहे की जागा झालाय, हे मांटूही सांगू शकत नाही आणि इग्राही. म्हणून निव्वळ मांटू १८ आली एवढ्यावर कुणी कोर्स चालू केला असता, तर मीही तुम्हाला थांबा म्हटलं असतं.

तिसरी गोष्ट, बाकीचे संशयित बाजूला काढणं. सिफिलिस आणि एचआयव्ही दोन्ही निगेटिव्ह आहेत, रिपोर्टमध्ये दिसतंय. एक गोष्ट राहिली आहे : छातीचा सीटी स्कॅन. एक्स-रेत न दिसणाऱ्या छातीतल्या जुन्या गाठी सीटीत दिसतात. तेवढा करून घ्या. त्यातून सार्कॉइडबद्दलही काही कळेल, आणि फुप्फुसात खरंच काही नाही याची खात्री होईल.

एवढं सगळं जुळत असेल तर माझं मत स्पष्ट आहे : कोर्स चालू करा. नुसते स्टेरॉइड घेणाऱ्यांपेक्षा स्टेरॉइडबरोबर टीबीची औषधं घेणाऱ्यांचा डोळा पुन्हा पुन्हा सुजण्याचं प्रमाण बरंच कमी असतं, हे चंडीगडच्या पीजीआयमधल्या डॉ. अमोद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच देशातल्या रुग्णांवर दाखवलेलं आहे. चौथा ठसा उपचार सुरू झाल्यावर मिळेल. चार ते सहा आठवड्यांत डोळा शांत व्हायला लागला तर आपण बरोबर वाटेवर आहोत. अजिबात फरक नाही पडला तर डॉक्टरांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासायला हवं, आणि तसं तुम्ही त्यांना विचारायलाही हवं.

आता मेडिकलमधल्या थेंबांबद्दल लिहिते. ते लिहिताना मला त्रास होतो, पण लिहायलाच हवं.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी माझी प्रॅक्टिस नवी होती. जत भागातले एक प्राथमिक शिक्षक डावा डोळा लाल झाला म्हणून आले. मी स्टेरॉइडचे थेंब दिले, आठवड्यात डोळा पांढरा झाला. तीन महिन्यांनी पुन्हा आले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आले तेव्हाही मी पुढूनच पाहिलं आणि तेच थेंब लिहून दिले. बाहुली मोठी करून पडदा बघितला नाही. त्यांची एसटी होती, त्यांना घाई होती, मीही मानलं. चौथ्यांदा आले ते म्हणाले, “मॅडम, फळ्यावरची ओळ मधोमध पुसल्यागत दिसतीय.” तेव्हा मी पडदा पाहिला. हरिपूरच्या संगमाकडे कृष्णा जशी वळणं घेत जाते, तसा पिवळट पट्टा सरकत सरकत नजरेच्या मध्यापर्यंत पोचला होता. टीबीमुळे होणाऱ्या पडद्यामागच्या अस्तराच्या सुजेचं हे चित्र. पुढे कोर्स झाला, आजार थांबला, पण मधली नजर परत आली नाही. वर्षभर मी थेंबांनी आग झाकत राहिले आणि आत घर जळत होतं. ते गुरुजी निवृत्त झालेत, अजून माझ्याकडेच तपासायला येतात. त्यांनी मला एका शब्दानं कधी दोष दिला नाही. त्या वर्षापासून लाल डोळा दुसऱ्यांदा आला की कितीही गर्दी असो, मी बाहुली मोठी केल्याशिवाय सोडत नाही.

म्हणून पाया पडून सांगते, चिठ्ठीशिवाय थेंब आणू नका. स्टेरॉइडचा थेंब लाली घालवतो, आजार नव्हे. वर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर धरतो. ओळखायची सोपी खूण : साथीत डोळे येतात तेव्हा बहुधा दोन्ही येतात, चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात, पण नजर शाबूत असते. आतल्या सुजेत बहुधा एकच डोळा, चिपडं नाहीत, उजेड सोसत नाही, बुबुळाभोवती लाल कडं धरतं आणि दिसायला कमी येतं. अशा डोळ्याला मेडिकलवाल्याचं काम नाही.

कोर्स कसा असतो तेही सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल. पहिले दोन महिने चार औषधं : आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. चारही एकाच गोळीत असतात, गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. ५८ किलोला रोज ४. नंतर पायराझिनामाइड थांबतं, बाकीची तीन चालू राहतात. डोळ्यासाठी एकूण सहा ते नऊ महिने, डॉक्टर बघून ठरवतात. लघवी शेंदरी होईल, घाम आणि डोळ्यातलं पाणीही तसंच. तो रिफाम्पिसिनचा रंग आहे, रक्त नव्हे. उलट्या, भूक मरणं, डोळे पिवळे होणं यातलं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, यकृत तपासावं लागतं. दारू पूर्ण बंद. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू असले तरी नोंद निक्षय या सरकारच्या टीबी नोंदणीच्या पोर्टलवर करायलाच लागते. नोंद झाली की पोषणासाठी महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात. आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढलेत. डोळ्याच्या टीबीलाही ते लागू आहेत. तेवढ्यात रोजची अंडी आणि शेंगदाणे तरी होतात.

एका गोष्टीची मात्र मनाची तयारी ठेवा. कोर्स सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत डोळा कधी कधी आणखी बिघडतो. जंतू मरतात, त्यांच्या अवशेषांवर शरीर आणखी खवळतं. डॉक्टर त्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्यांचा डोस बदलतात. इथेच बरेच लोक “औषध उलटलं” म्हणून कोर्स सोडतात. कृपा करून सोडू नका, फोन करा. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या टीबीच्या औषधांच्या पांघरुणाखालीच घ्यायच्या, एकट्या कधीच नाहीत. त्या बंद करायच्या त्याही डॉक्टर सांगतील तशा हळूहळू उतरवत.

मुलीची काळजी करू नका. फुप्फुसात टीबी नसेल तर डोळ्याचा टीबी टॉवेलनं, उशीनं, काजळाच्या बोटानं पसरत नाही. बाबाच्या मांडीवर तिला खुशाल बसू द्या. उलट एक बघा, घरात किंवा बागेत कामाला येणाऱ्यांत कुणी दोन आठवड्यांहून जास्त खोकतंय का? असेल तर त्यांची थुंकी तपासून घ्या, कारण जंतू कुणाकडून तरी आलेला असतो.

छाटणी, विरळणी, फवारणी, बागेचं कुठलंच काम थांबत नाही, हे मला माहीत आहे. उजेड बोचत असेतोवर गडद चष्मा लावून कामाला जाऊ द्या. फवारणी मात्र डोळा शांत होईपर्यंत दुसऱ्यावर सोपवा.

प्रश्न : लॅबमध्ये टीबीची ‘आयजीजी-आयजीएम’ तपासणी करून घेतली, पॉझिटिव्ह आली. हा पुरावा धरावा का? (पलूस)

उत्तर : धरू नका. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या या तपासण्या दोन्हीकडून फसवतात, म्हणून भारत सरकारनं २०१२ मध्येच त्यांवर बंदी घातली आहे. तो कागद बाजूला ठेवा आणि कुठल्या लॅबनं केली ते तुमच्या डॉक्टरांना सांगा. इग्रा ही वेगळी तपासणी, तिची यात गल्लत करू नका.

प्रश्न : मी मूळचा विट्याजवळचा, वय २६, गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) कामावर तमिळनाडूत असतो. एके दिवशी सकाळी डाव्या डोळ्यापुढं कोळ्याच्या जाळ्यागत तरंगायला लागलं, दुपारपर्यंत सगळं काळं. दुखणं काहीच नाही. इथल्या डॉक्टरांनी आत रक्त सांडलंय म्हणून सांगितलं आणि टीबीच्या तपासण्या लिहून दिल्या. भट्टीच्या उष्णतेनं झालं असेल का? नजर येईल का?

उत्तर : भाऊ, भट्टीच्या उष्णतेनं असा रक्तस्राव होत नाही. तरुण पुरुषांत, काही न दुखता, अचानक डोळ्यात रक्त सांडतं, हा आजार आपल्या देशात जुना ओळखीचा आहे. हेन्री ईल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८८० मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ईल्सचा आजार म्हणतात. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं टीबीचा जंतू दाखवला १८८२ मध्ये, त्यामुळे ईल्सना हा दुवा दिसणं शक्यच नव्हतं. पुढे अशा रुग्णांच्या डोळ्यातल्या नमुन्यांत टीबीच्या जंतूचे अंश सापडले. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात यावर बरंच काम झालंय, आणि तुम्ही त्या बाजूलाच आहात.

होतं असं : पडद्याच्या शिरा सुजतात, काही ठिकाणी बुजतात. पडद्याच्या कडेचा भाग रक्तावाचून उपाशी राहतो, तिथे नव्या पण कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि एक दिवस त्यातली एखादी गळते. रक्त आहे तोवर डॉक्टरांना पडदा दिसत नाही. म्हणून डोळ्याची सोनोग्राफी करून पडदा जागेवर आहे ना ते बघतात. उशा उंच घेऊन झोपा, रक्त खाली बसायला मदत होते. वजन उचलू नका. रक्त थोडं निवळलं की दंडाच्या शिरेत पिवळा रंग टोचून पडद्याचे फोटो काढतात. त्या दिवशी लघवी गर्द पिवळी होते, घाबरू नका. फोटोत उपाशी भाग दिसला की लेसर. आत सूज असेल तर आधी ती उतरवायची, मग लेसर. काही महिने थांबूनही रक्त निवळलं नाही, किंवा पडदा ओढला जायला लागला, तर ऑपरेशन करून आतला रक्ताळलेला गर काढतात. वेळेत झालं तर अशा तरुणांपैकी पुष्कळांची नजर चांगली परत येते, हे मी कितीदा पाहिलंय.

दोन गोष्टी विसरू नका. उजवा डोळा चांगला दिसत असला तरी त्याचाही पडदा तपासून घ्या, हा आजार बहुधा दोन्हीकडे असतो. आणि कोर्स लागला तर ‘गावी गेल्यावर बघू’ म्हणून लांबवू नका. निक्षयचा नंबर देशात कुठेही चालतो. तिकडे सुरू करा, यात्रेला विट्याला आलात तर गोळ्या इकडच्या सरकारी दवाखान्यातून मिळण्याची सोय तो नंबर दाखवून होते.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, मानेतल्या गाठीच्या टीबीचा कोर्स चालू आहे, तिसरा महिना. आठ दिवसांपासून म्हणतो, सिग्नलचा लाल दिवा फिका दिसतो. मोबाइल जास्त बघतो म्हणून आम्ही रागावलो. (कुपवाड)

उत्तर : रागावू नका. हा अंक हातात पडेल त्याच दिवशी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तुमचं पत्र वाचल्यावर संपादकांनी तुम्हाला फोन केला, तरीही बाकीच्यांसाठी इथे लिहिते आहे. इथॅम्ब्युटॉल हे औषध काही थोड्या लोकांत डोळ्याच्या नसेला इजा करतं. सुरुवात बहुधा दोन्ही डोळ्यांत एकदम, लाल-हिरवा रंग फिका पडून, किंवा नजरेच्या मध्यात धूसर होऊन. बहुतेक वेळा कोर्सचे एक-दोन महिने उलटल्यावर. डोस जास्त झाला किंवा मूत्रपिंड कमजोर असलं तर धोका वाढतो. वेळीच ते औषध थांबवलं तर नजर बऱ्याचदा सुधारते, उशीर झाला तर नाही.

थांबवायचं ते एकच औषध, आणि तेही डॉक्टरांनी. सगळा कोर्स स्वतःच्या मनानं बंद करू नका. आयसोनियाझिडही क्वचित नसेला त्रास देतं, म्हणून त्याच्याबरोबर बी-६ ची गोळी दिलेली असते. ती चुकवू नये.

ज्यांच्या घरी टीबीचा कोर्स चालू आहे, मग तो कुठल्याही अवयवाचा असो, त्यांनी एक सवय लावून घ्यावी. दर रविवारी, रोजच्या उजेडात, एक डोळा तळहातानं झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथीची बारीक अक्षरं वाचायची, मग दुसरा डोळा. नंतर स्वयंपाकघरातली तिखटाची बरणी समोर धरायची. लाल कालच्याइतकंच लाल आहे का? एका डोळ्यानं विटकं दिसतं का? पाच मिनिटांचं काम आहे. कोर्स सुरू होण्याआधी एकदा आणि मग महिन्याला एकदा रंगांच्या ठिपक्यांचं पुस्तक दाखवून तपासणी करून घ्यायला मी सगळ्यांना सांगते.

प्रश्न : मी २५ वर्षांची. डोळ्याच्या टीबीचा कोर्स चौथ्या महिन्यात आहे, डोळा छान आहे. लग्न ठरतंय. आई म्हणते, टीबी शब्द तोंडातून काढू नकोस. (सांगली)

उत्तर : बाळ, तुझ्या आईची भीती मला कळते. मी लहान असताना सांगलीहून मिरजेला जाताना वानलेसवाडीचं टीबीचं सॅनेटोरियम यायचं, आणि बसमधल्या बायका पदर नाकाला लावायच्या. माझी आजीसुद्धा. तेव्हा टीबी म्हणजे माणूस गेलाच अशी समजूत होती. ती भीती पदरातून पदरात आलेली आहे.

तुझ्यापासून कुणाला लागण होत नाही. लग्न करायला हरकत नाही, पुढे मुलंही व्हायला हरकत नाही. लपवून सुरुवात करावी असं मला वाटत नाही. पण ते तू ठरव, कुणी तुझ्यावर लादू नये. मुलाकडचे विचारात पडले तर त्यांना माझ्याकडे पाठव, मी समजावून सांगेन. कोर्स संपेपर्यंत गरोदरपण पुढे ढकललेलं बरं. इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहिते : रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. तेव्हा गोळ्यांच्या भरवशावर राहू नकोस, दुसरं साधन वापर, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचार. आणि डोळा छान आहे म्हणून चौथ्या महिन्यात गोळ्या थांबवू नकोस. लग्नाच्या गडबडीत पाकीट राहून जातं. मेंदीच्या दिवशीही गोळी घ्यायची.

प्रश्न : वय ६१, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतो. डोळ्याच्या टीबीचा कोर्स आणि स्टेरॉइड सुरू झाल्यापासून साखर तीनशेच्या खाली येत नाही. गोड तर सोडूनच दिलंय. (आष्टा)

उत्तर : काका, तुमच्या पथ्यात खोट नाही. स्टेरॉइड साखर वाढवतं, आणि रिफाम्पिसिन तुमच्या मधुमेहाच्या गोळीची ताकद कमी करतं. दोन्हीकडून ओढाताण आहे. मधुमेहाच्या डॉक्टरांना दोन्ही औषधांची पाकिटं दाखवा, काही महिने इन्सुलिन लागेल कदाचित. त्याला नाही म्हणू नका. कोर्स संपल्यावर पुन्हा डोस बदलावा लागतो, नाहीतर साखर एकदम खाली जाते, तेही लक्षात ठेवा.

प्रश्न : आईला पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांना दाखवायला मिरजेला आणतोय. दोन वर्षं डोळा लाल होतोय. येताना काय काय आणू? (जत)

उत्तर : जुने केसपेपर आणा, फाटके असले तरी. एक्स-रेची फिल्म आणा, नुसता रिपोर्ट नको. मांटू केली असेल तर हातावरची खूण पुसण्याआधी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. घरात पूर्वी कुणाला टीबी झाला होता का, किती सालात, कोर्स पुरा केला का, हे आत्याला-मामाला विचारून कागदावर लिहून आणा. आईला ऐनवेळी आठवणार नाही. सोबत कुणीतरी हवंच, बाहुली मोठी केल्यावर चार-पाच तास जवळचं दिसत नाही आणि उन्हात डोळे दिपतात. परतीची गाडी दुपारनंतरची धरा. आणि दोन वर्षांत घातलेल्या थेंबांच्या रिकाम्या बाटल्या घरात कुठे देव्हाऱ्यामागं, फ्रिजच्या दारात पडल्या असतील, त्या सगळ्या एका पिशवीत घालून आणा. आई म्हणेल, “कचरा कशाला नेतोस?” तरी आणा. डॉक्टर आधी त्याच वाचतील.